जाळीतले आबा आणि नांग्या मोजणारी ज्योत्स्ना

चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात गेल्या उन्हाळ्यात बातमी फिरत होती की ज्योत्स्नाअक्काने बापाला कोंडलं. नुसतं खोलीत नाही, जाळीत. सकाळी उठून ती त्यांच्या अंगठ्याला शाई लावते, सातबाऱ्यावर टेकवते आणि मगच चहा देते, तोही बिनदुधाचा. बातमी एस.टी. स्टँडवर पोचेपर्यंत तिच्यात घोडा शिरला होता. अक्का म्हणे बापाला घोड्याचं रक्त पाजते.

आता खरं काय ते. जाळी होती. चहा बिनदुधाचा होता. घोडाही होता, पण तो औषधाच्या बाटलीत. सातबाऱ्याचं म्हणाल, तर अभिमन आबांनी चार वर्षांपूर्वीच सगळी जमीन मुलगा आणि मुलगी दोघांच्या नावे करून टाकली होती. आबांच्या नावावर उरली होती एक जुनी मोटारसायकल आणि तोंडात चार दाढा. दोन्हींपैकी कशासाठीही कोणी बाप कोंडणार नाही. आणि कोंडलंच म्हणायचं तर ज्योत्स्नाने आबांना आत कोंडलं नव्हतं, गावाला बाहेर कोंडलं होतं.

ज्योत्स्ना चव्वेचाळीस वर्षांची. अंगाने काटक, आवाजाने मोटारपंप. लग्न होऊन यावलकडे गेली होती, दीड वर्षात परत आली. का परत आली म्हणून विचारलं तर सांगते, "माल बरोबर नव्हता. मुदतीत परत केला." त्यानंतर तिने गावाबाहेर शेडनेट उभारलं आणि केळीच्या रोपांचा धंदा सुरू केला. प्रयोगशाळेतून बोटाएवढी रोपं येतात, ती मातीच्या पिशव्यांत लावायची, दोन महिने जाळीखाली सांभाळायची आणि वीतभर झाली की शेतकऱ्याला द्यायची. दिसायला सोपं काम. पण त्या रोपांना बाहेरचा एक माव्याचा किडा चावला की रोग लागतो आणि अख्खा वाफा पिवळा पडतो. म्हणून शेडनेटला दोन दारं असतात. पहिलं दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मधल्या जागेत औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचे, हात धुवायचे, मग आत. एकदा तलाठी तसाच आत शिरला, तर अक्काने त्याला कॉलर धरून मधल्या जागेत उभं केलं आणि त्याच्या बुटांवर पाणी ओतलं. तलाठी म्हणाला, "अहो, मी शासन आहे." अक्का म्हणाली, "शासनाच्या पायाला काय लागलेलं असतं, कोणी बघितलंय?"

तिची दुसरी खोड म्हणजे नांग्या. लावलेल्या केळीत जिथं जिथं रोप मरतं तिथं ओळीत खड्डा रिकामा राहतो, त्याला नांगी म्हणतात. ज्योत्स्ना प्रयोगशाळेच्या माणसाला पहिला प्रश्न विचारते, "तुमच्या रोपात नांग्या किती पडतात?" जो म्हणतो, "एकही नाही ताई, शंभर टक्के," त्याला ती चहा पाजून वाटेला लावते. जो म्हणतो, "शेकडा चार पडतात, पावसाळ्यात सहा," त्याच्याकडून रोप घेते. "ज्याला मेलेली मोजता येत नाहीत," ती म्हणते, "त्याला जगलेली काय मोजता येणार?"

हेच तत्त्व ती पुढे डॉक्टरांना लावणार होती. तेव्हा ते कोणालाच माहीत नव्हतं, डॉक्टरांना तर मुळीच नाही.

आबा त्रेसष्टचे. संक्रांतीच्या सुमारास त्यांना जिना चढताना दम लागू लागला. त्यांनी जिन्याला दोष दिला. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. त्यांनी ब्रशला दोष दिला. मग हातावर काळेनिळे डाग उठले, पिकून दोन दिवस झालेल्या केळीवर उठतात तसे, तेव्हा दोष द्यायला काही उरलं नाही. चोपड्याला रक्त तपासलं. हिमोग्लोबिन पाचाच्या आत, प्लेटलेट नऊ हजार, पांढऱ्या पेशी एवढ्या कमी की तंत्रज्ञाने मशीन बिघडलं समजून पुन्हा रक्त काढलं. मशीन बरोबर होतं.

प्लेटलेट कमी हे शब्द कानावर पडताच गाव डॉक्टर झालं. खान्देशात प्लेटलेट म्हटलं की पपई. टपरीवाला लोटन सकाळी सातला पाला घेऊन दारात.

"अक्का, पपईना पालाना रस दे. मना साडूले पाच दिनमा दोन लाख व्हयनात."

"तुझ्या साडूला डेंग्यू होता."

"मंग? प्लेटलेट त्याच शेतस ना?"

दोन दिवसांत गल्लीतल्या चारही पपया बोडक्या झाल्या. आबांनी एक वाटी रस प्यायला, तोंड असं केलं की कुत्रंही बाजूला झालं, आणि म्हणाले, "ह्यानापेक्षा मरी जास मी." ज्योत्स्नाने उरलेला रस शेणखताच्या ढिगावर ओतला.

तोवर धुळ्याहून नवलभाऊ आला होता. नवल हा ज्योत्स्नाचा धाकटा भाऊ, धुळ्याला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला फोन कानाला लावतो. त्याच्याबरोबर त्याची अकरावीतली मुलगी मयुरी आली होती. ही मयुरी म्हणजे हे लिहिणारीच, पण इथे तिचं काम ऐकायचं.

"अक्का, तू काही काळजी करू नको," नवल म्हणाला. "जळगावला आपला कॉन्टॅक्ट आहे. बोललो मी. आपलाच माणूस आहे."

आपला माणूस जळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात बसत होता. दवाखान्याचं नाव सांगत नाही. तिथे काचेच्या टाकीत मासे होते आणि त्या माशांच्या प्लेटलेट उत्तम असाव्यात, कारण ते सारखे फिरत होते. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, चष्मा कपाळावर नेला.

"सी, बेसिकली काय आहे, रक्त कमी झालंय. आपण रक्त देऊ, प्लेटलेट देऊ, थोडं स्टिरॉइड देऊ. पंधरा दिवसांत आबा शेतात. टेन्शन नॉट."

आबांना रक्ताच्या दोन पिशव्या आणि प्लेटलेट चढवल्या. आबा गुलाबी झाले. आठ दिवसांत पुन्हा पांढरे झाले. पुन्हा पिशव्या, पुन्हा गुलाबी, पुन्हा पांढरे. तिसऱ्या खेपेला ज्योत्स्नाने डॉक्टरांच्या टेबलावर दोन्ही तळहात ठेवले.

"डॉक्टरसाहेब, रक्त देताय ते संपतंय. आबांचं स्वतःचं रक्त तयार का होत नाही?"

"होईल ना. वेळ लागतो."

"असा पेशंट तुमच्याकडे आधी आला होता?"

"भरपूर."

"किती?"

"ताई, आपण आकडे ठेवत नाही हो. सगळे बरे होतात."

"म्हणजे नांग्या किती पडल्या?"

डॉक्टरांनी नवलकडे पाहिलं. नवलने माशांकडे पाहिलं.

"मेले किती, असं विचारतेय ती," नवल माशांना म्हणाला.

"एकही नाही! हंड्रेड परसेंट."

ज्योत्स्ना उठली. "बरंय साहेब. चहा पाजला असता, पण दवाखाना तुमचा."

बाहेर पार्किंगमध्ये भावा-बहिणीचं जे झालं ते जळगावच्या निम्म्या नवीपेठेने ऐकलं असावं.

"अक्का, माझी इज्जत गेली! आपला माणूस आहे तो!"

"आपला माणूस कशाला पाहिजे? लग्न लावायचंय का आबांचं? मला आजाराचा माणूस पाहिजे."

"अगं, डॉक्टरला कोणी विचारतं का, किती मेले म्हणून?"

"मी विचारते."

गाडीच्या मागच्या सीटवरून आबा म्हणाले, "तुमनं व्हयनं का? माले भूक लागनी."

आबांना अजून भूक लागत होती, एवढाच त्या आठवड्यातला दिलासा. पण हिरड्या आता सकाळी उशी रंगवू लागल्या होत्या, आणि ज्योत्स्नाला कळून चुकलं होतं की जो वेळ जातोय तो आबांच्या हाडांतून जातोय. योग्य डॉक्टर लवकर सापडला तर बाप उरेल, नाहीतर ओळीत खड्डा पडेल. ती हे कोणाला बोलली नाही. पण त्या आठवड्यात शेडनेटमध्ये पाणी द्यायला ती दोनदा विसरली, आणि ती पाणी विसरते हे गावाने पहिल्यांदाच पाहिलं.

दुसरा डॉक्टर धुळ्याचा. हा कोणाचाच माणूस नव्हता. नवलच्या शेजारणीचं हिमोग्लोबिन त्याने बघितलं होतं, एवढीच ओळख. छोटा दवाखाना, लाकडी बाक, आणि हाका मारणारा कंपाउंडर असा की "नंबर सतराऽऽ" म्हटलं की बाकावरचे सतराही लोक उभे राहत. डॉक्टर म्हातारे, आवाज खालच्या पट्टीत. त्यांनी आबांच्या कमरेच्या हाडात सुई घालून आतली मज्जा काढली. आबा ओरडले नाहीत. नंतर मात्र म्हणाले की आयुष्यात बैलाला इतक्या वेळा टोचलं, त्याचं बैलाने आज वसूल केलं.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी कागद ज्योत्स्नाकडे वळवला.

"हाडांच्या आत रक्त बनवणारा कारखाना असतो. आबांच्या कारखान्यात मजूरच उरले नाहीत, शेकडा दहा असतील. बाकी सगळी चरबी. अप्लास्टिक ॲनिमिया म्हणतात याला. आणि साधा नाही, तीव्र आहे."

"तुम्ही असे किती पाहिले?"

"तीस वर्षांत दोन."

"दोघांचं काय झालं?"

"एकाला मी पुढे पाठवलं, तो जगला. एकाला मीच ठेवून घेतलं. तेव्हा तरुण होतो, वाटलं जमेल." डॉक्टरांनी चिठ्ठीचा कागद पुढे ओढला. "तो गेला. म्हणून सांगतो, मला या आजाराचं नाव येतं, उपचार येत नाही. रक्ताच्याच आजारांचा डॉक्टर बघा, आणि त्यांच्यातही हा आजार नेहमी हाताळणारा. नाशिकच्या डॉक्टर खैरनारबाई महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जळगावला येतात. माझी चिठ्ठी घ्या."

ज्योत्स्ना त्यांच्या पाया पडली. मयुरीने आत्याला कोणाच्या पाया पडताना तोवर पाहिलं नव्हतं. देवळातही ती देवाला लांबूनच हात जोडते, जवळ गेलं की पुजारी बोलतो म्हणून.

दुसरा शनिवार. जळगावच्या त्या ओपीडीत सकाळपासून रांग. बोदवडहून आलेला एक हितेंद्र नावाचा पोरगा शेजारी बसला होता, दोन वर्षांपूर्वी हाच आजार झालेला. आता तो वेफर्स खात होता आणि त्या वेफर्सच्या पुड्याकडे ज्योत्स्ना देवदर्शनाला आल्यासारखी बघत होती. तिने त्याला सतरा प्रश्न विचारले. त्याने वेफर्स पुढे केले.

खैरनारबाई चाळिशीच्या, केस कापलेले, बोलणं झाडूसारखं, एका फटक्यात कोपरा साफ. त्यांनी सगळे कागद स्वतः वाचले, आबांना पापणी खाली ओढायला लावली आणि म्हणाल्या, "विचारा."

ज्योत्स्नाने विचारलं.

नवलने डोळे मिटून घेतले.

"सदतीस," खैरनारबाई म्हणाल्या. "हे औषध मी स्वतः दिलेले. एकोणीस जण हिंडतात-फिरतात. सहा जणांना दुसऱ्यांदा उपचार लागले, ते सुरू आहेत. तिघे पुन्हा आलेच नाहीत, पत्ता नाही. नऊ गेले."

"नऊ कशाने गेले?"

"चौघे फार उशिरा आले. दोघांना डोक्यात रक्तस्राव झाला. तिघांना जंतुसंसर्ग." त्यांनी आबांकडे पाहिलं. "त्या तिघांतला एक तुमच्याच भागातला होता. औषध लागू पडायला लागलं होतं. घरी साठ माणसं भेटायला आली. एकाला खोकला होता."

ज्योत्स्नाने हिशोब मांडला. एकोणीस, सहा, तीन, नऊ. सदतीस. बरोबर बसला. ती खुर्चीत पहिल्यांदा मागे टेकली.

"आबांचं वय बघता दुसऱ्याची मज्जा बसवायचा विचार आत्ता नको," बाई म्हणाल्या. "औषध देऊ. चार दिवस नाशिकला भरती, सलाइनमधून. ते घोड्याच्या रक्तातून बनवतात. ताप येईल, थंडी वाजेल, अंगावर पुरळ येईल, आम्ही तिथेच असू. मग गोळ्या, महिनोन् महिने. लगेच फरक दिसणार नाही. तीन महिने, कधी सहा. तोवर त्यांना जिवंत ठेवायचं काम निम्मं माझं, निम्मं तुमचं."

आता आबांनी हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"बाई, तो घोडा शे का घोडी?"

बाईंना अहिराणी कळत होती. माहेर त्यांचं साक्रीकडचं. "कंपनीला विचारून सांगते."

"सारंगखेडाना व्हई तं चांगला," आबा म्हणाले. "तठला घोडा पानीदार ऱ्हास."

नाशिकचे चार दिवस आबांनी थरथरत, शिव्या देत आणि खिंकाळून काढले. खिंकाळणं मुद्दाम. पहिल्या दिवशी नर्स घाबरली, तिसऱ्या दिवशी तीही उलट खिंकाळू लागली.

घरी आल्यावर ज्योत्स्नाने एका दुपारात आबांच्या खोलीचं शेडनेट करून टाकलं. पडवीला हिरवी जाळी, एक बाहेरचं दार, एक आतलं दार, मध्ये चार फूट जागा, तिथे साबण, बादली, मास्क. खिडकीलाही जाळी. फळ साल काढूनच, अन्न गरमच, फूल आत नाही. रोज चार वेळा थर्मामीटर. सकाळी प्लेटलेटची गोळी उपाशी पोटी, आणि त्यानंतर चार तास दूध बंद.

"चहामा दूधच नही तं तो चहा कसाना?" आबा ओरडायचे. "गरम पानी शे ते! आन् मी काय बिबट्या शे का? माले जाळीमा ठेयेल शे!"

"बिबट्या परवडला असता," ज्योत्स्ना बाहेरून म्हणायची. "तो चहा मागत नाही."

आता खरी पंचाईत सुरू झाली. आपल्याकडे माणूस आजारी पडला की भेटायला जायचं, हा काही शिष्टाचार नाही, तो हक्क आहे. न गेलं तर दहा वर्षं ऐकवतात. म्हणून जीप करून जायचं, दहा-बारा जणांनी, बिस्किटाचे पुडे घेऊन, पेशंटच्या पलंगावरच बसायचं, त्याचा हात हातात घ्यायचा, तोंडाजवळ तोंड नेऊन "वळखं का माले?" विचारायचं, आणि निघताना कोणकोण याच आजाराने गेलं ते सांगायचं. पहिली जीप बोदवडहून आली. ज्योत्स्नाने खुर्च्या अंगणात मांडल्या, जाळीपासून दहा फुटांवर. "इथून बोला. आबांना ऐकू येतं."

"लांबून?" जीपमधले मामा म्हणाले. "आम्ही काय मत मागायला आलोय?"

पाच मिनिटांत ते चहा न पिता गेले. न पिता. खान्देशात चहा न पिता जाणं म्हणजे काय, ते ज्याला कळतं त्याला कळतं. दुसरी जीप वरणगावहून आली आणि तशीच फिरली. तिसरी आलीच नाही. तिच्याऐवजी आली धुरपदा फुई.

धुरपदाबाई म्हणजे आबांची थोरली बहीण, सगळ्या गावाची फुई म्हणजे आत्या, बहात्तर वर्षांची. डोक्यावर पदर, काखेत मेथीच्या लाडवांचा डबा, नाकाला रुमाल. ती थेट दाराशी.

"ज्योत्स्ना, दार उघाड."

"फुई, तुले सर्दी शे."

"सर्दी कसानी? धूळ शे ती."

तेवढ्यात फुई शिंकली. धुळीला न शोभेल अशी.

"इथं बस. मी खुर्ची देते."

"मना भाऊ शे तो! तू जल्मले नही व्हती तैनपासून मना भाऊ शे!"

"म्हणूनच म्हणते, राहू दे तो तुझा भाऊ अजून थोडे दिवस."

आतून आबा जाळीला नाक लावून उभे. "येऊ दे ना तिले. लाडू शेतस तिनापा."

"आबा, खाटेवर."

"मी अठेच बठस," फुई म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली. सकाळी दहा ते दुपारी चार. फुई रडली, फुईने कुळातल्या सगळ्या मेलेल्यांना नावाने हाका मारल्या, फुईने ज्योत्स्नाचं परत आलेलं लग्न काढलं. ज्योत्स्ना आतल्या आणि बाहेरच्या दाराच्या मधल्या चार फुटांत स्टुलावर बसून राहिली. तिने फुईला दोनदा पाणी दिलं, एकदा भाकरी-पिठलं दिलं, दार दिलं नाही. चार वाजता फुई उठली, डबा परत काखेत मारला आणि म्हणाली, "कळनं माले. अंगठा घेवाना शे तुले."

तिथून ती निघाली आणि गावात बातमी निघाली. तीच ती, वरची. आठवड्याने फुईच्या घरातली पाच माणसं तापाने अंथरुणाला लागली, ही बातमी मात्र एस.टी. स्टँडपर्यंत पोचली नाही.

मे महिन्यात ज्योत्स्ना रोपांच्या गाडीबरोबर रावेरला गेली होती. पहाऱ्यावर नवल होता. नवलला फोन आला. फोन संपेपर्यंत आबा दोन्ही दारं पार करून लोटनच्या टपरीवर पोचले होते, मास्क हनुवटीला.

"एक कटिंग. दूध जास्त. कोनले सांगू नको."

"आबा, अक्काले समजनं तं माले भी जाळीमा टाकी दी!"

"तू चहा दे. जाळीमा जागा शे."

टपरीवर बारा माणसं होती. बाराही जणांनी आबांचा हात हातात घेतला.

चौथ्या दिवशी दुपारी थर्मामीटर एकशे एकवर गेला. नवलने चादर आणली. ज्योत्स्नाने चादर फेकली आणि फोन उचलला. खैरनारबाईंनी नाशिकला सुट्टी देताना एवढंच सांगितलं होतं आणि तिने ते भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं: ताप आला की फोन आधी, पांघरूण नंतर. बाईंनी जळगावला कळवलं, ज्योत्स्नाने केळीची रिकामी पिकअप काढली, आबांना पुढच्या सीटवर बांधल्यासारखं बसवलं आणि स्वतः चालवत निघाली. दीड तासात जळगाव. खाट तयार, इंजेक्शन भरलेलं. आबांचे ओठ निळसर पडले होते आणि ते चक्क गप्प होते, आणि आबांचं गप्प असणं नवलला पहिल्यांदा कळलं. तो दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला. त्याचा फोन वाजत होता. त्याने उचलला नाही.

नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी आबांनी डोळे उघडून सिस्टरला विचारलं, "चहा मिळी का?" ज्योत्स्नाने आधी थर्मामीटर बघितला आणि मग सांगितलं, "बिनदुधाचा."

पण रक्त काही वाढेना. जून उजाडला, तीन महिने होऊन गेले, दर दहा-बारा दिवसांनी पिशवी लागतच होती. केस मात्र वाढले, गोळ्यांनी; आबांच्या कानांवर असे झुपके आले की नवल म्हणाला, घोडा लागू पडला. हसलं कोणी नाही. एका दुपारी शेडनेटमध्ये पिशव्या भरताना मयुरीच्या तोंडून निघून गेलं.

"आत्या, काही होत नाहीये. पोळ्यालाही आबांना रक्त चढवत बसू आपण."

"पैज?" ज्योत्स्नाने मान वर न करता विचारलं.

"कसली?"

"पोळ्याच्या आधी सलग सहा आठवडे आबांना रक्ताची एकही पिशवी लागणार नाही. लागली तर मी हरले."

"हरलीस तर?"

"तर महिनाभर तू गावात माझी नक्कल करत, माझ्या आवाजात वाट्टेल ते बोलत फिर, मी ऐकून घेईन. जिंकले तर पोळ्याच्या दिवशी हजार पिशव्या तू भरायच्या. एकटीने."

मयुरीने लगेच हात पुढे केला. आकडे तिच्या बाजूला होते. शिवाय ज्योत्स्नाआत्याचा आवाज फार दिवस तिच्या घशात बसलेला होता.

जूनमध्ये दोन पिशव्या लागल्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एक. त्यानंतर फडताळावर रक्तपेढीची चिठ्ठी नवी आली नाही. पंधरा दिवस झाले, वीस झाले. मयुरी धुळ्याहून रोज फोन करून विचारायची, "लागलं का?" आणि तिचं तिलाच कळेना की तिला कोणतं उत्तर हवंय. अठ्ठाविसाव्या दिवशी तिने आपण हरावं म्हणून नवस बोलायचा विचार केला, मग पैज मोडेल का या शंकेने सोडून दिला.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी खैरनारबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. हिमोग्लोबिन नऊला टेकलेलं. प्लेटलेट त्रेचाळीस हजार. पांढऱ्या पेशी एवढ्या, की बाहेरचं दार उघडं ठेवायला हरकत नाही, आतलं मात्र अजून लावा. "बरे झाले म्हणू नका," बाई म्हणाल्या. "लागू पडलंय म्हणा. गोळ्या चालू, तपासण्या चालू, जीप बंद." आणि पहिल्यांदाच हसल्या.

पोळ्याला घरात खापरावरच्या पुरणपोळ्या चालल्या होत्या. धुरपदा फुई हात धुऊन, मास्क लावून पहिल्या दाराच्या आत खुर्चीत बसली होती आणि ज्योत्स्नाचं अर्ध्या गावासमोर कौतुक करत होती, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे जाळी लावायची कल्पना मुळात तिचीच.

शेडनेटमध्ये सकाळी आठपासून पैज हरलेली मयुरी माती, शेणखत आणि नारळाचा भुसा कालवून पिशव्यांत भरत होती. दुपारी दोनपर्यंत चारशे झाल्या. ज्योत्स्ना आली, एक पिशवी उचलली, अंगठ्याने दाबली, तिची माती दोन बोटं खाली गेली.

"ही परत. ठासून भर."

"आत्या, पोळी तरी खाऊ दे!"

"सहाशे राहिल्या," ज्योत्स्ना म्हणाली, आणि रिकाम्या पिशव्यांचा नवा गठ्ठा मयुरीच्या पुढ्यात टाकून पोळ्या गरम आहेत तोवर खायला निघून गेली.